संगणक सुरू होताना किती बोलतो?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रे उमटेपर्यंत जो काही वेळ जातो, त्यात संगणक गप्प बसलेला दिसतो. एखादे बोधचिन्ह गोल गोल फिरत राहते, एवढेच. प्रत्यक्षात त्या वेळात तो अखंड बोलत असतो. मेमरी किती सापडली, कोणते घड्याळ वापरायचे ठरले, डिस्क जोडलेली आहे की नाही, कीबोर्डाने ओ दिली का, अशी शेकडो वाक्ये तो एकामागून एक लिहीत जातो. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती दिसू नयेत अशी व्यवस्था कोणीतरी मुद्दाम केलेली असते. ही व्यवस्था का करावी लागली, कशी केली आणि ती करताना कोणती जोखीम पत्करावी लागली, ते या लेखात पाहू.

उदाहरणासाठी लिनक्स ही कार्यप्रणाली घेऊ. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्झ या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली. तिची सगळी आज्ञावली खुली असल्याने आत काय चालते ते कोणालाही वाचता येते. शिवाय तिचा प्रसार मोठा आहे. अँड्रॉइड फोन तिच्यावर चालतात, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून तिच्यावरच चालत आले आहेत. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेले अलीकडचे 'परम' महासंगणकही त्याला अपवाद नाहीत.

कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या भागाला इंग्रजीत कर्नल म्हणतात, म्हणजे कवचाच्या आतला गर. (लष्करातील कर्नलशी त्याचे नाते मराठी लेखनापुरतेच!) आपण त्याला गाभा म्हणू. मेमरीची वाटणी करणे, कोणते काम प्रोसेसरने आधी करायचे ते ठरवणे, डिस्क, पडदा, नेटवर्क यांच्याशी बोलणे ही सगळी कामे गाभा करतो. संगणक सुरू होताना सर्वांत आधी जागा होतो तो हाच. त्या क्षणी डिस्कवरची फाइल उघडण्याची सोय नसते, खिडक्या दाखवणारा पडदाही तयार नसतो. अशा वेळी काही बिघडले तर ते कळवायचे कसे? म्हणून गाभा आपली रोजनिशी लिहीत जातो. ती लिहिण्याच्या फंक्शनचे नाव 'प्रिंट-के'. त्यातला 'के' म्हणजे कर्नलचाच 'के'. गाभ्याच्या आज्ञावलीत हजारो ठिकाणी हे फंक्शन वापरलेले आहे.

प्रिंट-केने लिहिलेले प्रत्येक वाक्य दोन ठिकाणी जाते. पहिले ठिकाण म्हणजे मेमरीत राखून ठेवलेली एक पट्टी. नेहमीच्या रचनेत तिचा आकार १२८ किलोबाइट असतो. ही पट्टी वर्गातल्या फळ्यासारखी आहे. फळा भरला की आपण वरच्या ओळी पुसतो आणि तिथे नवे लिहितो. इथेही तसेच होते: जागा संपली की सर्वांत जुने वाक्य पुसले जाते. दुसरे ठिकाण म्हणजे 'कन्सोल'. हा कधी पडदा असतो, तर कधी संगणकाच्या पाठीमागून निघालेली एक साधी तार.

तार किती सावकाश बोलते

महासंगणकाच्या दालनात हजारो प्रोसेसर असतात, पण त्यांच्यासमोर पडदा मांडून कोणी बसलेले नसते. तिथे कन्सोल म्हणजे बहुधा सिरियल पोर्ट, म्हणजे एका वेळी एकच बिट पाठवणारी जोडणी. ही जोडणी फार जुनी आणि फार मंद आहे. मग ती अजून का ठेवली? कारण ती साधी आहे. तिच्यातून अक्षर बाहेर काढायला अगदी थोड्या आज्ञा लागतात. त्यामुळे गाभा मरणपंथाला लागला असतानाही तिच्यातून शेवटचे वाक्य बाहेर पडू शकते. नेटवर्कला किंवा रंगीत पडद्याला ते जमेलच असे नाही.

तिच्या वेगाचा हिशेब आठवीतल्या मुलांनाही करता येईल. एक अक्षर पाठवायला सामान्यतः १० बिट लागतात: ८ अक्षराचे, एक 'सुरुवात' सांगणारा आणि एक 'शेवट' सांगणारा. सिरियल पोर्टचा एक प्रचलित वेग आहे सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे ९६० अक्षरे. ८० अक्षरांची एक ओळ या हिशेबाने सेकंदाचा बारावा भाग घेते. ऐकायला हे थोडे वाटते. पण संगणक सुरू होताना अशा १,००० ओळी निघाल्या, तर ८०,००० अक्षरांना ८३ सेकंद लागतील. सेकंदाला १,१५,२०० बिट हा वेग असेल तर तेच काम ७ सेकंदांत उरकेल. आता प्रोसेसरच्या बाजूने पाहा. सेकंदाला १०० कोटी ठोके देणारा प्रोसेसर घेतला, तर ९,६०० च्या वेगाने एक अक्षर बाहेर पडेपर्यंत त्याचे सुमारे १० लाख ठोके होऊन जातात. 'क' पाठवला, १० लाख ठोके थांबला. 'ख' पाठवला, पुन्हा थांबला!

हो, थांबतोच. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. प्रिंट-केची मूळ रचना अशी की शक्यतो वाक्य कन्सोलवर गेल्यावरच पुढचे काम सुरू व्हावे. वाक्ये बाजूला साठवून नंतर सवडीने पाठवली तर वेळ वाचेल हे उघड आहे. पण मधल्या काळात संगणक बंद पडला तर ती बाहेर येणारच नाहीत. आणि नेमकी शेवटची दोन-तीन वाक्येच बिघाडाचे कारण सांगणारी असतात. विमानाच्या काळ्या पेटीतील शेवटचे मिनिट गाळून बाकीचे ध्वनिमुद्रण दिले, तर चौकशी करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तेव्हा सावकाशपणा हा इथे विश्वासार्हतेसाठी मोजलेला दर होता.

चार हजार जणांची हजेरी

हा दर एका प्रोसेसरच्या संगणकाला परवडत होता. प्रोसेसरांची संख्या वाढली तसे गणित फिसकटले.

त्या काळी गाभा सुरू होताना प्रत्येक प्रोसेसरला जागे करी आणि प्रत्येकाविषयी अनेक ओळी लिही. याला जागे करतो आहे. याची तयारी चालू आहे. हा कोणत्या चिपमधला, त्या चिपमधला कितवा. याची जलद मेमरी एवढी. तापमानावर लक्ष ठेवण्याची सोय चालू केली. हा अमुक गटात आहे. याच्या जोडीला 'बोगोमिप्स' नावाचा एक आकडाही असे. गाभ्याला थोडा वेळ नुसते थांबायचे असते तेव्हा तो एक पोकळ फेरी किती वेळा मारायची ते यावरून ठरवतो. वेगाचे माप म्हणून या आकड्याला काही अर्थ नाही, हे त्याच्या नावातच कबूल केलेले आहे. 'बोगो' हे 'बोगस'वरूनच आले.

दोन-चार प्रोसेसर असताना ही माहिती वाचायला बरी वाटे. २००९ साली सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांसमोर मात्र ४,०९६ प्रोसेसरांच्या संगणकाचा प्रश्न होता. कन्सोलचा वेग सेकंदाला ५६,००० बिट धरून त्यांनी अंदाज काढला: सुरुवातीची सारी वाक्ये सिरियल पोर्टमधून बाहेर पडायला सुमारे ८४ मिनिटे लागतील. जवळजवळ दीड तास, आणि तोही संगणकाने कोणतेही उपयोगी काम करण्याआधी!

या आकड्याची उलटतपासणी करून पाहू. सेकंदाला ५,६०० अक्षरे, ८४ मिनिटांचे ५,०४० सेकंद. गुणाकार होतो सुमारे २ कोटी ८२ लाख अक्षरे. त्याला ४,०९६ ने भागले की प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला सुमारे ६,९०० अक्षरे, म्हणजे ८० अक्षरांच्या ८६ ओळी येतात. छापील पानावर २,५०० अक्षरे मावतात असे धरले, तर हा ११,००० पानांहून मोठा ग्रंथ होईल, आणि त्यातील बहुतेक पानांवर फक्त प्रोसेसरचा क्रमांक बदललेला असेल.

यावर त्या अभियंत्यांनी केलेला उपाय शिक्षकांना लगेच ओळखीचा वाटेल. ६० मुलांच्या वर्गात हजेरी घेताना प्रत्येक मुलाने उठून आपले नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय आणि दप्तरातील वह्यांची संख्या सांगावी असे आपण म्हणत नाही. मुले 'हजर' एवढेच म्हणतात, आणि दिवसाच्या शेवटी मुख्याध्यापकांकडे जाणारी ओळ त्याहून लहान असते: पट ६०, हजर ५७, गैरहजर क्रमांक १२, ३१, ४४. गाभ्याचेही तसेच करण्यात आले. एका गटातील प्रोसेसर जागे होताना त्यांचे नुसते क्रमांक एका ओळीत ओळीने उमटतात, गट पूर्ण झाला की 'ठीक', आणि अखेरीस एकूण किती जागे झाले तो आकडा. जी माहिती सर्वांची सारखीच असते ती फक्त पहिल्या प्रोसेसरपुरती छापायची, बोगोमिप्सही पहिल्याचाच. 'याची तयारी चालू आहे' यासारखी वाक्ये तपासणीच्या पातळीवर ढकलली, म्हणजे ती पट्टीत राहतात, पण सहसा तारेवर जात नाहीत. कोणता प्रोसेसर कोणत्या गटात, हे वाक्य तर काढूनच टाकले. कारण संगणक सुरू झाल्यावर ही माहिती 'प्रोक' आणि 'सिस' नावाच्या कप्प्यांत केव्हाही वाचता येते.

यात एक गृहीत दडलेले आहे, ते नजरेआड करू नये. सगळे प्रोसेसर सारखे आहेत असे धरून पहिल्याची माहिती सर्वांच्या वतीने छापली जाते. क्रमांक २,७११ च्या प्रोसेसरवर तापमानाची देखरेख चालू झालीच नसेल तर? तेव्हा ही काटछाट सुरक्षित राहते ती एकाच अटीवर: जो वेगळा निघेल त्याने आपण होऊन ओरडले पाहिजे. गैरहजर मुलांचे क्रमांक लिहायचे नसतील तर 'हजर ५७' या ओळीला अर्थ उरत नाही.

गोंगाटात हरवलेले वाक्य

वेळ वाया जातो हे अतिबोलण्याचे एक नुकसान झाले. माझ्या मते ते सर्वांत मोठे नव्हे. फळ्याची उपमा पुन्हा आठवा. १२८ किलोबाइटांच्या पट्टीत ८० अक्षरांच्या सुमारे १,६०० ओळी मावतात, प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्यापेक्षा अधिक बोलणे झाले की आधीच्या ओळी पुसल्या जातात. म्हणजे मेमरीच्या एका भागात दोष आहे असे वाक्य पहिल्याच सेकंदाला लिहिलेले असेल, तर नंतरच्या हजारो 'हजर, हजर' खाली ते कायमचे नाहीसे होईल. जास्त नोंदी ठेवल्याने नोंद हरवते, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. म्हणून २०१४ साली या पट्टीचा आकार प्रोसेसरांच्या संख्येनुसार वाढवण्याची सोय झाली, दर जादा प्रोसेसरमागे नेहमीच्या रचनेत ४ किलोबाइट. ४,०९६ प्रोसेसरांना त्यामुळे सुमारे १६ मेगाबाइटांचा फळा मिळतो.

फळा कितीही मोठा केला तरी वाचणाऱ्याचे डोळे दोनच. याचा धडा संगणकाबाहेर आधीच मिळालेला होता. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत अपघात झाला. पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून अधिक गजर सुरू झाले. त्यांतील बिनमहत्त्वाचे गप्प करण्याची सोय नव्हती. या गजरांची नोंद कागदावर छापणारे यंत्र इतके मागे पडले, की एका वेळी ते प्रत्यक्ष घटनांच्या अडीच तासांहून अधिक मागे होते. मध्ये ते अडकलेही, आणि काही माहिती गेली. अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या केमेनी आयोगाने याची नोंद घेतली आहे. मंद यंत्र, भरमसाट संदेश आणि त्यांत हरवलेली कामाची माहिती, हीच तिन्ही दुखणी संगणकाच्या गाभ्यात भेटतात. फरक एवढाच की तिथे अणुभट्टीचा गाभा वितळत होता.

मग कोणते वाक्य महत्त्वाचे ते कोणी ठरवायचे? लिनक्समध्ये प्रत्येक वाक्याला ० ते ७ असा क्रमांक असतो. ० म्हणजे आणीबाणी, संगणक निकामी झाला, १ म्हणजे ताबडतोब काही करा, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ दखल घेण्याजोगे, ६ नुसती माहिती, ७ तपासणीसाठी. कन्सोललाही एक क्रमांक दिलेला असतो, आणि त्याहून लहान क्रमांकाची वाक्येच तारेवर किंवा पडद्यावर येतात. नेहमी हा क्रमांक ७ असतो, म्हणजे तपासणी सोडून बाकी सारे दिसते. सुरू करतानाच्या आज्ञेत 'क्वाएट', म्हणजे 'शांत', एवढा एकच शब्द घातला की क्रमांक ४ होतो. मग चूक आणि त्याहून गंभीर वाक्येच दिसतात. इशारेसुद्धा दिसत नाहीत. पट्टीत मात्र सगळी वाक्ये जशीच्या तशी जमा होत राहतात. आम्हा प्रयोग करणाऱ्यांना हा भेद अंगवळणी पडलेला असतो. प्रयोगवहीत प्रत्येक वाचन लिहायचे, खाडाखोडीसकट. शोधनिबंधात मात्र मुद्द्याला लागेल तेवढेच.

रचना चांगली आहे, पण क्रमांक देतो माणूस. एखाद्या उपकरणाची आज्ञावली लिहिणाऱ्याला आपले उपकरण सर्वांत महत्त्वाचे वाटणारच. म्हणून अनेक आज्ञावल्या सुरू होताना आपली आवृत्ती, आपला स्वामित्वहक्क असे सर्व काही मानाने जाहीर करीत. मांडवात शिरणाऱ्या प्रत्येकाने ध्वनिक्षेपक हातात घ्यावा तसा हा प्रकार! आज लिनक्सच्या लेखनसंकेतांत साफ म्हटले आहे की उपकरण नीट चालत असेल तर त्याच्या आज्ञावलीने गप्प राहावे. हा दंडक तसा युनिक्सच्या घराण्यातलाच आहे. १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत युनिक्स घडत होते तेव्हा वापरातील टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी. ८० अक्षरांची एक ओळ ८ सेकंद खटखटत बसे. काम झाले तर काहीच बोलू नये, हा शिष्टाचार तिथे आपोआप रुजला असल्यास नवल नाही.

सुरुवातीनंतरच्या गोंगाटासाठी आणखी एक युक्ती आहे, आणि ती मला विशेष आवडते. एखादी तार सैल झाली की तेच वाक्य सेकंदाला हजारदा येऊ लागते. अशा ठिकाणी ५ सेकंदांत १० वाक्ये एवढी मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडल्यावर वाक्ये गाळली जातात, पण नंतर गाभा 'मध्ये इतकी गाळली' असा आकडा देतो. पाने फाडली, पण किती फाडली ते वहीत लिहून ठेवले.

इतके करूनही थांबण्याचा मूळ प्रश्न शिल्लक होता. पुष्कळ प्रोसेसर एकाच वेळी बोलू लागले की ज्याच्या हातात कन्सोल असेल त्याला स्वतःचेच नव्हे, तर इतरांचेही लिखाण बाहेर काढत बसावे लागे. इतर भर घालत राहिले तर याची सुटका होईना. मग गाभ्यातील पहारेकऱ्याला वाटे की हा प्रोसेसर अडकला आहे, आणि तो इशारा देई. तो इशारा म्हणजे आणखी एक लांबलचक संदेश! २०१८ मध्ये हे काम वाट पाहणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसरकडे सोपवण्याची सोय झाली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये, ठरलेल्या क्षणी प्रतिसाद देण्याची हमी असलेली रचना लिनक्सच्या मुख्य आज्ञावलीत सामील झाली. यंत्रमानव किंवा कारखान्यातील यंत्रे चालवायला ती लागते, आणि तिच्यावर जवळपास वीस वर्षे काम चालू होते. तिच्या वाटेतला शेवटचा मोठा अडथळा कोणता होता? प्रिंट-के. आता नव्या पद्धतीच्या कन्सोलसाठी वाक्ये बाहेर काढण्याचे काम वेगळा धागा सवडीने करतो, आणि आणीबाणीत मात्र जुन्याच पद्धतीने, सगळे थांबवून, ती तत्काळ बाहेर पडतात.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर हे सारे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येईल. आज्ञा लिहिण्याची खिडकी उघडून रोमन लिपीत डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरे लिहा. काही संगणकांवर त्यासाठी प्रशासकाचा परवलीचा शब्द लागतो. पट्टीतील वाक्ये समोर येतात. प्रत्येकाच्या आधी चौकटी कंसात, गाभा जागा झाल्यापासून किती सेकंद झाले तो आकडा असतो, दशांशचिन्हानंतर सहा स्थळांपर्यंत. ओळी मोजायला लावा आणि त्या ९,६०० च्या तारेवरून जायला किती वेळ लागला असता तो हिशेब करायला सांगा. लागोपाठच्या दोन ओळींत सर्वांत मोठे अंतर कुठे आहे ते शोधले की संगणक कशाची वाट पाहत होता तेही सापडते.

आणि एखाद्या दिवशी तोच संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर थिजला, तर हीच विद्या उलटी वापरायची. सुरुवातीला कार्यप्रणाली निवडण्याची यादी येते. बहुतेक ठिकाणी ती ग्रब नावाच्या आज्ञावलीची असते. तिथे 'ई' ही कळ दाबली की सुरू करण्याची आज्ञा दिसते. तिच्यातला 'क्वाएट' हा शब्द खोडा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. गाभा पुन्हा मोठ्याने बोलू लागतो, आणि जिथे तो थांबला त्याच्या आधीची ओळ पडद्यावर राहते.